बर्फ, मीठ, फळ आणि पाला: घरी गोठवलेल्या गोडाची पार्श्वभूमी

स्ट्रॉबेरी आणि बेसिल, लिंबू आणि पुदिना, पीच आणि थाइम अशा जोड्या जमवून कुणी घरी सॉर्बे (फळांचा गोड केलेला रस गोठवून केलेला पदार्थ) किंवा आइस्क्रीम केलं, की त्याला सहज ‘नवा प्रयोग’ म्हटलं जातं. इतिहास मात्र उलटा आहे. युरोपात गोठवलेल्या गोडाच्या कृती पहिल्यांदा छापल्या गेल्या तेव्हा त्यांत मुख्यतः फळांचे रस, फुलांचे अर्क आणि दालचिनीसारखे मसाले होते. दूध आणि साय तेव्हा बाजूला होती आणि व्हॅनिलाला आजचं स्थान मिळायला आणखी पुष्कळ काळ जावा लागला. त्यामुळे ताजं फळ आणि मूठभर पाला घेऊन घरी बसणारा माणूस या पदार्थाच्या मुळाशी सर्वांत जवळ आहे, असं मला वाटतं.

या विषयावर काही वाचायला घेतलं की मार्को पोलोने चीनहून कृती आणली आणि कातरिना दे मेदिचीने 1533 मध्ये लग्न होऊन फ्रान्सला जाताना आइस्क्रीम करणारे आचारी सोबत नेले, या दोन गोष्टी हमखास भेटतात. दोन्हींना त्या काळातला कसलाही आधार नाही. 1533 मध्ये रस किंवा साय गोठवून खाण्याची रीत युरोपात असल्याचा पुरावाच सापडत नाही. या कथा बाजूला ठेवल्या तर खरी हकिकत जास्त रंजक आहे, कारण ती आचाऱ्यांइतकीच वैद्यांची, अर्क काढणाऱ्यांची आणि निसर्गाचे प्रयोग करणाऱ्या अभ्यासकांची आहे.

बर्फ साठवणं फार जुनं. मेसोपोटेमियातल्या मारीचा राजा झिम्री-लिम याने इ.स.पू. 18व्या शतकात युफ्रेटिसकाठी तेरका इथे बर्फघर बांधल्याची नोंद कीलाक्षरी लेखांत आहे. इराणात मातीच्या जाड भिंतींची, वर निमुळती होत जाणारी यखचाल म्हणजे बर्फघरं उभी राहिली. हिवाळ्यातला बर्फ त्यांत उन्हाळ्यापर्यंत टिकायचा. सिसिलीत एटना पर्वतावरचा बर्फ खड्ड्यांत दाबून, वर पालापाचोळा पसरून ठेवत आणि उन्हाळ्यात शहरांत आणत. या बर्फावर फळांचे पाक आणि गुलाबपाणी ओतून लोक खात. पण त्यात गोठलेलं असायचं ते पाणी. त्यावरचा रस नुसता थंड व्हायचा. रस स्वतः गोठवायचा तर शून्य अंशाच्याही खाली जावं लागतं, कारण साखर विरघळलेलं पाणी शून्याला गोठत नाही. ते करून देईल इतका थंड बर्फ कुणाकडेच नव्हता.

वाट सापडली ती क्षारांमुळे. सोरा (पोटॅशियम नायट्रेट) पाण्यात विरघळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो आणि पाणी गार होतं. तेराव्या शतकातला अरबी वैद्य आणि इतिहासकार इब्न अबी उसैबिया याने या युक्तीचा उल्लेख केला आहे. अकबराच्या दरबारात ती रोजच्या वापरात होती. अबुल फझलने आईन-ए-अकबरीत मापंही दिली आहेत: अडीच शेर सोरा, पाच शेर पाणी आणि त्यात पाव तास फिरवायची एक शेर पाण्याची सुरई. इटलीत सोळाव्या शतकात वारुणी गार करायला हाच सोरा वापरत. रोममधल्या ब्लास विल्याफ्रांका या स्पॅनिश वैद्याने 1550 मध्ये त्यावर लिहिलं.

पण सोऱ्याचं पाणी गार होतं, गोठत नाही. क्षार पाण्याऐवजी थेट बर्फात मिसळला तर काय होतं, हा प्रश्न निर्णायक ठरला. नेपल्सच्या जांबातिस्ता देल्ला पोर्ताने 1589 मध्ये छापलेल्या ग्रंथात बर्फ आणि सोऱ्याच्या मिश्रणात कुपी फिरवून वारुणी गोठवण्याची कृती दिली. पुढे पाडुआचे वैद्य सांतोरियो यांनी साध्या खाण्याच्या मिठानेही तेच होतं हे दाखवलं. महागड्या सोऱ्याची जागा मिठाने घेतली आणि सगळं बदललं. मीठ लागलेला बर्फ शून्याच्या खालीही वितळत राहतो. वितळायला उष्णता लागते आणि ती तो मधल्या भांड्यातून ओढतो. एक किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात एक किलो पाणी शून्यापासून सुमारे 80 अंशांपर्यंत तापतं, यावरून या ओढीचा जोर लक्षात येईल. मीठ आणि बर्फाचं मिश्रण उणे 21 अंशांपर्यंत उतरू शकतं. घरातला आजचा फ्रीजर साधारण उणे 18 वर असतो, म्हणजे मीठ-बर्फाची बादली त्याच्यापेक्षा कमी पडत नाही.

यानंतरच्या पन्नास-साठ वर्षांत नेमकं कुणी पहिल्यांदा रस गोठवून ताटात वाढला, त्याचं एक नाव देता येत नाही. 1690 च्या दशकात मात्र दोन छापील साक्षी जवळजवळ एकाच वेळी मिळतात. पॅरिसमध्ये निकोला ओदिजे याने 1692 मध्ये मोठ्या घराचा कारभार कसा चालवावा यावर लिहिलं, त्यात गोठवलेली सरबतं आहेत. ओदिजे अर्क आणि सुगंधी पेयं करणाऱ्यांपैकी होता. पॅरिसमध्ये या लोकांची स्वतंत्र व्यवसायसंघटना 1676 मध्ये झाली होती. म्हणूनच त्याच्या कृतींत फळांच्या रसांबरोबर फुलांचे सुगंध इतक्या सहज येतात. त्याच्या दोन सूचना मला फार मोलाच्या वाटतात. गोठवायचं असेल तर फळ, फुलं आणि साखर नेहमीच्या सरबतापेक्षा वाढवावी, ही पहिली. गोठत असताना कडेला धरलेला थर खरवडून आत ढवळत राहावं, नाहीतर सगळ्याचा दगड होतो, ही दुसरी. आज यंत्रासोबत येणाऱ्या माहितीपत्रकातही याहून वेगळं काही नसतं.

दुसरी साक्ष नेपल्सची. आंतोनियो लातिनी तिथे एका स्पॅनिश अधिकाऱ्याच्या घरी कारभारी होता. 1694 मध्ये छापलेल्या त्याच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात लिंबू, स्ट्रॉबेरी, आंबट चेरी, दालचिनी, चॉकलेट यांचे सॉर्बे आहेत आणि एक दुधाचा आहे. दुधाच्या कृतीत साखरेत मुरवलेलं महाळुंग किंवा भोपळा घालायला सांगितला आहे. नेपल्समध्ये जो तो सॉर्बे करण्याची कला जन्मतःच घेऊन येतो, असंही तो म्हणतो. यावरून त्या शहरात हा पदार्थ तोवर किती रुळला होता ते दिसतं.

या दोघांच्या कृतींमागे आणखी एक गोष्ट उभी आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. ती म्हणजे साखर. गोठवलेल्या पदार्थात साखर गोडीपुरती नसते. ती पाण्याचा काही भाग गोठूच देत नाही, म्हणून चमचा आत शिरतो. फळात 80 ते 90 टक्के पाणी असतं आणि नुसता रस गोठवला तर बर्फाची लादी होते. चांगल्या सॉर्बेच्या मिश्रणात साखर 25 ते 30 टक्क्यांपर्यंत लागते. सतराव्या शतकात कॅरिबियन बेटांवर गुलाम केलेल्या माणसांच्या श्रमातून येणारी साखर युरोपच्या श्रीमंत घरांत भरपूर झाली, तेव्हाच हे गोड फुललं. बर्फाच्या कौतुकात ही बाजू विसरली जाऊ नये.

साखरेचा अंदाज घेण्याची एक जुनी घरगुती खूण आजही वापरात आहे. मिश्रणात धुतलेलं ताजं अंडं सोडायचं आणि त्याचा नाण्याएवढा भाग वर दिसला की साखर पुरेशी झाली. 1768 मध्ये आंत्वान बोमे या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने द्रवाची घनता मोजणारी काचेची नळी पुढे आणली आणि हलवाई ती वापरू लागले. त्याच वर्षी एमी या पॅरिसच्या कारागिराने फक्त गोठवलेल्या पदार्थांवर एक अख्खं पुस्तक काढलं. सात वर्षांनी नेपल्सचे वैद्य फिलिप्पो बाल्दीनी यांनी सॉर्बेचे आरोग्यावर काय परिणाम होतात यावर ग्रंथ लिहिला.

इंग्लंडमध्ये आइस्क्रीमची छापील कृती 1718 मध्ये मेरी ईल्स यांच्या नावाने आली. ती वाचताना अजूनही आनंद होतो, कारण ती सरळ घरात करण्यासारखी आहे. कथलाच्या भांड्यांत साय भरा, साधी, गोड केलेली किंवा फळ घातलेली. सहा भांड्यांना 18 ते 20 पौंड बर्फ बारीक फोडून घ्या. बादलीच्या तळाशी गवत अंथरा, बर्फात मीठ घाला, भांडी एकमेकांना टेकू देऊ नका आणि ऊन-उजेड येणार नाही अशा तळघरात ठेवा. चार तासांत गोठेल. चेरी, रास्पबेरी, स्ट्रॉबेरी गोठवायच्या तर त्यांवर लिंबाचं सरबत ओतायला सांगितलं आहे. यात ढवळणं मात्र कुठेच नाही, त्यामुळे ते आइस्क्रीम रवाळ आणि घट्ट होत असणार. बर्फाचे कण 50 मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे झाले की जिभेला ते रव्यासारखे लागतात. ते लहान ठेवायचे तर गोठत असतानाच मोडावे लागतात.

ते काम करणारं साधन 1843 मध्ये आलं. फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन यांनी 9 सप्टेंबर 1843 ला पेटंट घेतलेल्या यंत्रात बाहेर लाकडी बादली, आत धातूचा डबा आणि डब्यात भोकं पाडलेली रुंद पाती होती. वरचा दांडा फिरवला की पाती कडेचा थर खरवडत आणि मिश्रण घुसळत. ‘आइस्क्रीमचा पॉट’ म्हणून आपण जो ओळखतो त्याची मूळ रचना हीच. बर्फही तोवर स्वस्त होत होता. न्यू इंग्लंडच्या तळ्यांतला बर्फ भुशात गुंडाळून फ्रेडरिक ट्यूडर जगभर पाठवत होता. 1833 मध्ये बोस्टनहून सुमारे 180 टन बर्फ घेऊन निघालेलं त्याचं जहाज चार महिन्यांनी कोलकात्याला पोचलं, तेव्हा जवळपास 100 टन शिल्लक होता. बर्फ आणि पॉट हाताशी आल्यावर, पूर्वी ज्याला राजवाड्याचं बर्फघर आणि तीन-चार नोकर लागत ते मध्यमवर्गीय घराच्या मागच्या अंगणात होऊ लागलं.

लंडनमध्ये अॅग्नेस मार्शल यांनी 1885 मध्ये गोठवलेल्या पदार्थांवर पुस्तक लिहिलं, स्वतःच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि पाककृतींची शाळा चालवली. त्यांचा डबा उंच नव्हता, पसरट होता, त्यामुळे बर्फाशी स्पर्श वाढून गोठणं झपाट्याने व्हायचं. त्यांच्या कृतींत फळं तर आहेतच, शिवाय काकडीचं आइस्क्रीमही आहे. 1901 मध्ये त्यांनी द्रवरूप वायू वापरून जेवणाच्या टेबलावरच आइस्क्रीम गोठवण्याची कल्पना मांडली. या बाईंचं नाव या इतिहासात खूप वर घ्यायला हवं.

मग फुलं आणि पाला मागे कसे पडले? याचं उत्तर दोन ठिकाणी आहे. 1841 मध्ये रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने व्हॅनिलाच्या फुलाचं हाताने परागीकरण करण्याची सोपी रीत शोधली. त्याआधी मेक्सिकोबाहेर या वेलीला शेंगा धरतच नव्हत्या म्हटलं तरी चालेल. 1874 मध्ये जर्मनीत व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणारं मुख्य द्रव्य, कृत्रिमरीत्या तयार झालं. वर्षभर मिळणारा, नासत नसलेला, दुधात सहज मिसळणारा वास स्वस्तात मिळू लागला. त्याच काळात आइस्क्रीम कारखान्यात गेलं. बाल्टिमोरचे दूधव्यापारी जेकब फसेल यांनी 1851 मध्ये घाऊक उत्पादन सुरू केलं, आणि 1920 च्या दशकात मिश्रण एका बाजूने आत आणि गोठून दुसऱ्या बाजूने बाहेर असं अखंड चालणारं यंत्र आलं. कारखान्याला रोज तीच चव हवी असते. आज गोड निघालेली आणि उद्या आंबट निघणारी चेरी त्याला सोयीची नाही, दुपारपर्यंत काळा पडणारा बेसिल तर मुळीच नाही.

विजेचा फ्रिज घरोघरी आल्यावर आणखी एक बदल झाला. थंडी आयती मिळाली आणि ढवळणं गेलं. फ्रीजरची हवा उष्णता हळू ओढते, म्हणून त्यात ठेवलेलं मिश्रण सावकाश आणि मोठ्या कणांनी गोठतं. त्यावर माणसांनी काढलेल्या युक्त्या म्हणजेच आजची घरगुती पद्धत. अर्ध्या-अर्ध्या तासाने काट्याने खरवडून कण सुटे ठेवणं ही ग्रानिता या रवाळ गोठवलेल्या गोडाची जुनी सिसिलियन रीत. फळाचे तुकडे आधी गोठवून मिक्सरमध्ये फिरवणं ही दुसरी. आटवलेलं गोड दूध आणि फेटलेली साय यांचं मिश्रण न ढवळताही मऊ राहतं, कारण त्यात पाणी कमी, साखर भरपूर आणि हवा आधीच भरलेली असते. 1980 च्या दशकात जपानमधून दुहेरी भिंतीचं भांडं आलं. भिंतीतला द्रव फ्रीजरमध्ये रात्रभर गोठवायचा आणि मग मीठ-बर्फाशिवाय हाताने फिरवायचं.

पाल्याच्या बाबतीत ओदिजेची पहिली सूचना अजून तंतोतंत लागू पडते. थंडीत जिभेला गोडी आणि नाकाला वास कमी जाणवतो, म्हणून गोठवण्याआधी मिश्रण किंचित जास्त गोड आणि जास्त उग्र लागायला हवं. पुदिना, रोजमेरी, थाइम, तमालपत्र यांचा सुगंध तेलांत असतो आणि ती तेलं पाण्यापेक्षा स्निग्धात चांगली उतरतात. त्यामुळे कोमट सायीत पानं मुरवून गाळली की काम होतं. सॉर्बेत साय नसते, तिथे पानं साखरेबरोबर खलात वाटून मग पाक करावा. रोजमेरीसारखी जाड पानं उष्णता सोसतात, पण फार वेळ राहिली तर कडवटपणा उतरतो. बेसिलची पानं मात्र उकळत्या पाण्यात काही क्षण बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावी. पान काळं करणारी विकरं (एन्झाइम) त्याने थांबतात आणि हिरवा रंग राहतो.

फळांचंही तसंच. अननस, किवी, पपई कच्ची दुधात घातली तर त्यांतली विकरं दुधातली प्रथिनं तोडतात आणि चव कडू होते. फळ थोडं शिजवून घेतलं की हा त्रास जातो. आणि ताज्या फळाचे तुकडे आइस्क्रीममध्ये तसेच टाकले तर ते दाताखाली खड्यासारखे येतात, कारण तुकड्यातलं पाणी पुरतं गोठतं. लातिनीने मुरवलेलं महाळुंग घातलं त्यामागे टिकाऊपणा असेल, पण तुकडा मऊ राहण्याचं कारणही त्यातच आहे. आज तुकडे साखरेत रात्रभर मुरत ठेवून, सुटलेला रस मिश्रणात आणि तुकडे ढवळण्याच्या अगदी शेवटी घातले तरी तोच परिणाम मिळतो.