पन्नास सीसी, एकवीस हजार पाचशे फेरे

मागच्या महिन्यात गाडी सर्व्हिसिंगला टाकली होती. काम होईपर्यंत वेळ जावा म्हणून गॅरेजमधल्या पोराला मोबाइलवर एका जुन्या रेसिंग मोटारसायकलचा फोटो दाखवला. होंडा आरसी११६, साल १९६६. त्याचा पहिला प्रश्न ठरलेलाच होता, "काका, किती सीसी?" पन्नास म्हटल्यावर तो हसलाच. "म्हणजे लूना की!" मग फोटो मोठा करून पुढचं चाक बघितलं आणि आणखी हसला. पुढचा ब्रेक चक्क सायकलसारखा, रिमवर दाबणारा.

ही 'लूना' ताशी १७५ किलोमीटरच्या आसपास पळायची. ५० सीसीतून १४ हॉर्सपॉवर. आपली स्प्लेंडर ९७ सीसीतून साधारण आठ काढते. म्हणजे निम्म्या इंजिनातून पावणेदोनपट ताकद, आणि तीही साठ वर्षांपूर्वी, संगणक नसताना, कार्ब्युरेटरवर.

सीसी म्हणजे ताकद, हा आपल्याकडचा पक्का समज. सीसी हे फक्त भांड्याचं माप आहे. विहिरीतून पाणी किती निघालं ते बादलीच्या आकाराइतकंच बादल्या किती भराभर ओढल्या यावरही ठरतं. आरसी११६ चं इंजिन मिनिटाला २१,५०० फेरे घ्यायचं. स्प्लेंडरची पूर्ण ताकद ८,००० फेऱ्यांना मिळते.

एवढे फेरे घेण्याची गरज का पडली, तर हट्टापायी. ५० सीसीची जागतिक स्पर्धा १९६२ मध्ये सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी सुझुकीने टू-स्ट्रोक इंजिनावर ती जिंकली. स्वार होता एर्न्स्ट डेग्नर. हा गडी आदल्या वर्षीच पूर्व जर्मनीतून पळून आला होता आणि येताना तिथल्या एमझेड कंपनीची टू-स्ट्रोकची विद्या डोक्यात घेऊन आला होता. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, प्रत्येक फेरीला एक स्फोट, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक. होंडाला मात्र फोर-स्ट्रोक सोडायचं नव्हतं. मग स्फोटांची तूट भरून काढायला वाट एकच उरते: फेरे वाढवा.

पण फेरे वाढवायचे म्हटलं की पिस्टन आडवा येतो. तो प्रत्येक फेरीत दोनदा थांबतो आणि उलटा फिरतो. २१,५०० फेऱ्यांना हे मिनिटाला ४३,००० वेळा होतं. आरसी११६ मध्ये दोन सिलिंडर होते, प्रत्येकी २५ सीसीचे. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ३५.५ मिलिमीटर, म्हणजे कॅरमच्या सोंगटीपेक्षा जरासा मोठा, आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची धाव, २५.१४ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम एक इंच. हिशोब केला तर स्ट्रोकच्या टोकाला पिस्टनवर येणारं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या साडेसहा हजार पटींहून जास्त भरतं. पिस्टन ३० ग्रॅमचा धरला, तरी त्या क्षणी तो त्याला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडला दोनशे किलोच्या हिसक्याने ओढतो. सेकंदाला तीनशे अठ्ठावन्न वेळा.

मग रॉड तुटत का नाही? माझ्या मते या सगळ्या गाड्यांमधली सर्वांत देखणी गोष्ट ही आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

एक इंजिन घ्या आणि त्याचं प्रत्येक माप निम्मं करा. बोअर निम्मा, स्ट्रोक निम्मा, रॉडची जाडी निम्मी. पिस्टनचं वजन लांबी, रुंदी आणि उंची तिन्हींवर अवलंबून, म्हणून ते एक अष्टमांश होतं. आता फेरे दुप्पट करा. स्ट्रोक निम्मा असल्यामुळे पिस्टनचा सरासरी वेग आधीइतकाच राहतो. त्वरण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतं, म्हणजे चौपट, पण स्ट्रोक निम्मा म्हणून एकूण दुप्पटच. एक अष्टमांश वजन गुणिले दुप्पट त्वरण, म्हणजे रॉडवर ओढ आली आधीच्या एक चतुर्थांश. आणि रॉडचा छेद? तो लांबी-रुंदीवर अवलंबून, म्हणजे तोही एक चतुर्थांशच. धातूच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवरचा ताण जिथल्या तिथे! फेरे दुप्पट झाल्याचा रॉडला पत्ताच लागत नाही.

आता ताकद मोजू. आकारमान एक अष्टमांश, फेरे दुप्पट, म्हणून एका छोट्या सिलिंडरची ताकद मूळच्या एक चतुर्थांश. पण मूळच्या सीसीत असे आठ सिलिंडर बसतात. आठ चतुर्थांश म्हणजे दोन. सीसी तेवढीच, धातूवरचा ताण तेवढाच आणि ताकद दुप्पट. सूत्रात मांडायचं तर एकूण सीसी कायम ठेवून सिलिंडर वाढवले की ताकद सिलिंडरच्या संख्येच्या घनमुळाने वाढते. (घनमूळ आलं म्हणून पान उलटू नका, अवघड भाग संपला.)

धातूच्या सहनशक्तीचं खरं माप फेरे नसून पिस्टनचा सरासरी वेग आहे. आरसी११६ मध्ये तो सेकंदाला १८ मीटर येतो. स्प्लेंडरचा स्ट्रोक ४९.५ मिलिमीटर, ८,००० फेऱ्यांना वेग १३ मीटर. एक इंजिन किंचाळतंय, दुसरं गुणगुणतंय, पण दोघांच्या पिस्टनच्या वेगात दीडपटीचाही फरक नाही.

होंडाने हा हिशोब शेवटपर्यंत ताणला. १२५ सीसीच्या आरसी१४९ ला तसलेच २५ सीसीचे पाच सिलिंडर, ३४ हॉर्सपॉवर, २०,५०० फेरे. २५० च्या आरसी१६६ ला सहा सिलिंडर, १८,००० फेऱ्यांना साठहून थोडी जास्त हॉर्सपॉवर. लिटरमागे ताकद काढली तर पन्नासवाली २८० आणि सव्वाशेवाली २७२. अडीचशेवालीचा एकेक सिलिंडर ४१ सीसीचा, म्हणून तिच्यासाठी घनमुळाचा हिशोब २३७ सांगतो. प्रत्यक्षात आकडा २४० च्या घरात आहे. मी पहिल्यांदा हे कागदावर मांडलं तेव्हा चहा गार झाला होता. या इंजिनांच्या आखणीत मोठा हात असलेला शोइचिरो इरिमाजिरी तेव्हा पंचविशीत होता. पुढे तो सेगा या व्हिडिओ गेम कंपनीचा अध्यक्ष झाला.

व्हॉल्व्हलाही हाच नियम. दोन मोठ्यांऐवजी चार चिमुकले व्हॉल्व्ह बसवले की प्रत्येकाचं वजन घटतं आणि स्प्रिंगला त्यांना वेळेत बंद करता येतं. नाहीतर व्हॉल्व्ह उघडणारा कॅम पुढे निघून जातो आणि व्हॉल्व्ह हवेत तरंगत राहतो. ज्वालेलाही सोंगटीएवढ्या जागेत फार पळावं लागत नाही. स्फोटाने पिस्टन खाली ढकलला जातो त्या पॉवर स्ट्रोकला वेळच मिळतो १.४ मिलिसेकंद.

मग स्प्लेंडरला चार सिलिंडर का नाहीत? कारण फुकट काहीच मिळत नाही. छोट्या सिलिंडरमध्ये आकारमानाच्या मानाने भिंती जास्त, त्यामुळे उष्णता वाया जाते. घर्षण वाढतं, भाग वाढतात, पेट्रोल जास्त लागतं. शिवाय ताकद मिळते ती वरच्या एका अरुंद पट्ट्यातच. फेऱ्यांचा काटा खाली आला की इंजिन मेलं. म्हणून आरसी११६ ला नऊ गियर होते, सुझुकीच्या १९६७ च्या पन्नासला तर चौदा!

जाता जाता, पेट्रोलच्या पाइपला चुंबक बांधलं की 'रेणू सरळ होतात' आणि मायलेज वाढतं, असं सांगून आजही ते विकतात. पेट्रोलवर चुंबकाचा असा काही परिणाम होत नाही. त्यापेक्षा हँडलला टांगलेली लिंबू-मिरची बरी. स्वस्त असते आणि मायलेजचा दावा करत नाही.

१९६६ मध्ये ५० ते ५०० सीसीपर्यंतच्या पाचही गटांतली निर्मात्यांची अजिंक्यपदं होंडाने घेतली. पन्नासमधलं स्वाराचं विजेतेपद मात्र निसटलं. जपानमधल्या फुजीच्या शेवटच्या शर्यतीवर होंडाने बहिष्कार टाकला आणि सुझुकीचा आन्शाइट विजेता ठरला. पुढे नियम बदलले. १९६९ पासून पन्नासला एकच सिलिंडर आणि सहा गियर. सुझुकीने तीन सिलिंडरची पन्नास तयार केली होती, ती शर्यतीत उतरलीच नाही.

यातल्या बऱ्याच होंडा जपानमधल्या मोटेगीच्या संग्रहालयात आहेत आणि अधूनमधून चालू करून दाखवतात. त्यांचे व्हिडिओ मिळतात. आरसी१६६ चा ऐकायचा असेल तर शेजारी पेटी घेऊन बसा. सहा सिलिंडर, दोन फेऱ्यांत सहा स्फोट, म्हणजे १८,००० ला सेकंदाला नऊशे. वरच्या सप्तकातली पांढरी सहा सेकंदाला ८८० कंपनांची. इंजिनाचा सूर तिला मिळाला, की काटा १७,६०० वर आहे असं खुशाल समजावं. पेटी तेवढी सुरात लावलेली हवी.