जयगडची खाडी आणि पोलॉकच्या रेघा

महाराष्ट्राचा किनारा किती लांब? शाळेत आपण ७२० किलोमीटर लिहून मार्क मिळवले. केंद्र सरकारच्या जुन्या नोंदीत तो ६५२.६ होता, अलीकडच्या फेरमोजणीत ८७७.९७ झाला. समुद्राने नवं काही आणून दिलेलं नाही. या वेळचे नकाशे जास्त बारीक होते, एवढंच. कंपासपेटीतलं कर्कटक नकाशावर १० किलोमीटरला उघडून चालवलं, तर ते जयगडची खाडी एका टांगेत ओलांडतं. १ किलोमीटरला आणलं, की शास्त्री नदीच्या वळणांतून आत जाऊन दुसऱ्या काठाने परतावं लागतं. १०० मीटरला तर प्रत्येक खाजण आणि कातळाचं प्रत्येक टोक हिशेबात येतं. माप जितकं लहान, तितका किनारा लांब.

हे इंग्रज शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन याच्या पूर्वीच लक्षात आलेलं होतं. १९६७ मध्ये गणितज्ञ बेन्वा मँडेलब्रोने त्यावरून किनाऱ्याच्या वाकडेपणाला आकडा दिला, तीच त्याची मिती. सरळ रेषेची मिती १, कागदाच्या पृष्ठभागाची २. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्याची सुमारे १.२५, दक्षिण आफ्रिकेच्या सरळसोट किनाऱ्याची १.०२.

हीच मोजणी चित्रालाही लावता येते, आणि मला खरी मौज इथे वाटते. रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या पुळणीत इल्मेनाइट या खनिजाची काळी वाळू आहे. ओहोटीचं पाणी हलके, फिके कण ओढून नेतं, जड काळे मागे राहतात आणि वाळूवर नक्षी उमटते. तिचा फोटो छापा, त्यावर चौकोनांची जाळी आखा आणि ज्यांत काळं आलं ते चौकोन मोजा. मग चौकोनाची बाजू निम्मी करून पुन्हा मोजा. नुसती रेघ असेल तर संख्या दुप्पट होईल, भरीव डाग असेल तर चौपट. सव्वातीन पट आली, तर मिती १.७ च्या आसपास.

१९९९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड टेलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकची अमूर्त चित्रं अशीच मोजून 'नेचर'मध्ये लेख लिहिला. पोलॉक कॅनव्हास जमिनीवर अंथरायचा आणि भोवती फिरत काठीवरून, डब्यातून रंग ओघळवायचा. ना माणूस, ना झाड, नुसतं रंगाचं जाळं. १९४० नंतरच्या सुरुवातीच्या चित्रांत मिती १ च्या जवळ होती. दहाएक वर्षांत ती १.७ पर्यंत चढली. पोलॉक १९५६ मध्ये गेला, म्हणजे मँडेलब्रोचा लेख येण्याच्या ११ वर्षं आधी!

या मितीवरून अस्सल पोलॉक ओळखता येतो, या दाव्यावर २००६ मध्ये कॅथरिन जोन्स-स्मिथ आणि हर्ष माथुर या भौतिकशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला. साध्या चांदण्यांची रेखाटनंही त्याच कसोटीला उतरतात, हे त्यांनी दाखवून दिलं. मला हा आक्षेप पटतो. किनारा उपग्रहापासून फूटपट्टीपर्यंत कितीतरी मापांनी मोजता येतो. कॅनव्हास काही मीटरचा आणि रंगाचा थेंब मिलिमीटरचा, त्यामुळे आकडा पक्का करायला मधे जागाच थोडी उरते. अस्सल पोलॉक ओळखण्यासाठी एकट्या मितीवर भिस्त ठेवू नये. पण त्याची चित्रं सालवार लावली, तर रंगाचं जाळं कसं दाट होत गेलं ते या आकड्यांत स्वच्छ वाचता येतं, आणि नुसत्या डोळ्यांना ते इतकं नेमकं सांगता येत नाही.