तित्तराचा बंद हंगाम : मराठवाड्यातल्या पक्षी-शिकारीच्या कायद्यांची पार्श्वभूमी

तित्तर-लाव्हे पकडून आठवडी बाजारात विकायला आणलेल्या माणसाला वनविभागाने धरल्याची बातमी आमच्याकडे अधूनमधून येते. बातमी आली की पारावर एकच प्रश्न निघतो : पूर्वी तर याचे परवाने मिळायचे, मग आता गुन्हा कसा? प्रश्न रास्त आहे. परवाने खरोखरच मिळायचे, आणि तेही १९९१ पर्यंत. पण ते कुणाला मिळायचे, कोणत्या महिन्यांसाठी मिळायचे आणि नदीच्या कोणत्या काठावर चालायचे, हे पाहिल्याशिवाय आजची बंदी नीट कळत नाही.

पिलं आणि वीण राखण्याचा विचार या भूमीला नवा नाही. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर मारायची बंदी घातलेल्या जीवांची यादी आहे. तिच्यात पोपट, मैना, हंस आणि चक्रवाक आहेत. गाभण किंवा दूध पाजणाऱ्या शेळ्या-मेंढ्या मारू नयेत, ठरावीक तिथींना मासे मारू नयेत, असंही त्यात आहे. तो चक्रवाक आजही हिवाळ्यात जायकवाडीच्या पाण्यावर उतरतो. पुढे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात, म्हणजे आजच्या लातूर-निलंग्याला लागून असलेल्या मुलखातून राज्य चालत होतं तेव्हा, तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ससाणे उडवून पक्षी मारण्याचा खेळ राजाच्या करमणुकींमध्ये मांडलेला दिसतो. शिकार हा राजाचा अधिकार आणि रयतेला मिळेल ती सवलत, ही समजूत तेव्हापासून निजामाच्या शिकारगाहांपर्यंत फारशी बदलली नाही.

एकोणिसाव्या शतकात आमच्या भागात इंग्रजी बंदुका आल्या त्या छावण्यांबरोबर. औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई या सगळ्या लष्करी छावण्या. भारतीय पक्ष्यांवर पुढे मोठं काम करणारे डॉक्टर जर्डन घोडदळाच्या पलटणीबरोबर काही वर्षं जालन्याला होते. त्या काळी ना हंगाम होता, ना मोजदाद, ना मर्यादा. शेजारच्या अहमदनगर भागात मॅन्सफिल्ड नावाच्या एका इंग्रजाने १८०९ ते १८२९ या काळात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एका माणसाने. माळढोकाची मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, हे लक्षात घेतलं की या आकड्याचा खरा अर्थ समजतो. आज मराठवाड्याच्या माळावर तो पक्षी शोधूनही दिसत नाही. त्याचं कारण सांगताना शेती आणि वीजतारा यांच्याआधी या बंदुकांपासून सुरुवात करावी लागते.

पक्ष्यांसाठी ब्रिटिश हिंदुस्थानात पहिला वेगळा कायदा १८८७ मध्ये झाला. तो फार तोकडा होता. विणीच्या काळात नुकतेच मारलेले किंवा पकडलेले रानपक्षी बाळगायला आणि विकायला त्याने बंदी केली, पण ती नगरपालिकेच्या किंवा छावणीच्या हद्दीत. वेशीबाहेर माळावर काय चालतं, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. १९०२ मध्ये पिसांच्या निर्यातीवर बंदी आली, कारण युरोपातल्या बायकांच्या टोप्यांसाठी बगळ्यांची आणि नीलपंखांची कत्तल होत होती.

खरा हंगामाचा कायदा आला १९१२ मध्ये. त्याच्या परिशिष्टात माळढोक, तणमोर, तित्तर, लाव्हे, पखुर्ड्या, रानकोंबड्या, मोर, पारवे आणि बदकं होती. टोप्यांच्या व्यापाराची आठवण म्हणून बगळे, नीलपंख आणि खंड्याही होते. या पक्ष्यांसाठी प्रांतिक सरकारने अधिसूचना काढून ‘बंद काळ’ जाहीर करायचा, आणि त्या काळात मारणं, पकडणं, विकणं, विकत घेणं गुन्हा. पहिल्या वेळी ५० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडल्यास महिनाभरापर्यंत कैद किंवा १०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मालमत्तेचं म्हणजे पिकाचं रक्षण करताना पक्षी मेला तर सूट. कायद्याची कल्पना चांगली होती, हे मी मोकळेपणाने म्हणेन : अंडी-पिलांचे महिने पक्ष्याचे, उरलेले शिकाऱ्याचे.

पण हा कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता आणि मराठवाडा निजामाच्या राज्यात. हद्द कशी होती ते पाहायचं तर औरंगाबाद-नगर रस्त्यावर गोदावरीच्या पुलावर उभं राहावं. अलीकडे कायगाव, पलीकडे टोका. टोका मुंबई इलाख्यात, कायगाव हैदराबाद संस्थानात. पलीकडच्या काठावर बंद काळात तित्तर मारला तर १९१२ च्या कायद्याने दंड होऊ शकत होता, अलीकडच्या काठावर तो कायदाच नव्हता. खाली सीना नदीच्या काठाने बीड आणि उस्मानाबाद जिल्ह्यांच्या हद्दीवरही हेच. पक्षी मात्र सकाळी इकडच्या ज्वारीत चरायचा आणि दुपारी तिकडच्या बाभळीखाली बसायचा. निजाम राज्यातही जंगल खातं होतं, १३५५ फसलीचा म्हणजे १९४५-४६ चा हैदराबाद जंगल कायदा होता. पण जंगल कायदा चालतो जंगलाच्या हद्दीत, आणि मराठवाड्यात जंगल आधीच अत्यल्प. तित्तर, लाव्हा, पखुर्डी हे माळाचे, गायरानाचे, बांधाचे पक्षी. कायद्याचं क्षेत्र एकीकडे आणि पक्ष्याचं राहणं दुसरीकडे, ही आमच्याकडची अडचण तेव्हापासूनची आहे.

त्या राजवटीचं एक काम मात्र मनापासून नोंदवलं पाहिजे. १९३१-३२ मध्ये सलीम अलींनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली, आणि तिच्यामुळे या भागात कोणता पक्षी कुठे आणि कधी आढळतो हे पहिल्यांदा पद्धतशीर कागदावर आलं. औरंगाबादच्या खिजरी तलावाला आज सलीम अली सरोवर म्हणतात.

मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण अधिनियम केला. शिकारीचे परवाने, बंद हंगाम, अभयारण्यं हे सगळं एका कायद्यात आलं. मराठवाडा तेव्हाही हैदराबाद राज्यातच होता. पोलीस कारवाईनंतर राज्य भारतात आलं, पण राज्यांची पुनर्रचना होऊन मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्याला जोडला गेला, तेव्हा कुठे दोन्ही काठांना एकच सरकार मिळालं.

आता हंगामाच्या गणिताकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त खटकतं ते इथेच. बंद काळ म्हटला की साहेबी डोक्यात पावसाळा असायचा. चितूर आणि पावसाळी लाव्ह्याला तो लागू पडतो. चितूर जून-जुलैत बांधावर चढून ओरडायला लागतो आणि पावसाच्या गवतात अंडी घालतो. पण साधा तित्तर एप्रिलमध्येच, म्हणजे पाऊस यायच्या कितीतरी आधी, विणीला लागतो. खडकाळ माळावरचा झुडपी लाव्हा पाऊस सरल्यावर, अगदी थंडीतही घरटं करतो. पखुर्डीची वीण तर जवळजवळ वर्षभर चालते आणि तिचा भर उन्हाळ्यात असतो.

पखुर्डीचं उदाहरण जरा जवळून पाहू. हा पक्षी कोरडं बी खातो, म्हणून त्याला रोज पाणी लागतं. उन्हाळ्यात सकाळी ऊन चढायला लागलं की थवेच्या थवे ठरलेल्या पाणवठ्यावर उतरतात, घाईने चार घोट घेतात आणि उडतात. नर पाण्यात पोट बुडवून बसतो. त्याच्या पोटाच्या पिसांची घडण अशी की ती पाणी धरून ठेवतात. ते पाणी घेऊन तो काही कोस उडतो आणि माळावरच्या पिलांना पिसांतून चोखू देतो. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये असे पाणवठे पंचक्रोशीत एक-दोनच उरतात. बारा बोरची बंदूक आणि छर्ऱ्याची काडतुसं घेऊन त्या काठावर बसलेल्या माणसाला पळावंही लागत नाही. १९७२ च्या केंद्रीय वन्यजीव कायद्याने पाणवठ्यावर दबा धरून शिकार करायला मनाई केली, पण त्याच कलमात दोन अपवाद ठेवले : पाणपक्षी आणि पखुर्डी. बंदूकवाल्यांची रीत तशी होती, म्हणून कायद्याने ती मान्य केली. जिथे संरक्षणाची सर्वांत जास्त गरज होती, नेमकं तिथेच दार उघडं राहिलं. दुष्काळी मुलखातल्या माणसाने हा मसुदा लिहिला असता तर हा अपवाद त्यात आला नसता, असं मला वाटतं.

हा १९७२ चा कायदा ११ राज्यांनी ठराव करून मागितला होता. महाराष्ट्र त्या अकरांत नव्हता. आपण तो मागून स्वीकारला आणि १९७३ मध्ये इथे लागू केला. ते दुष्काळाचं साल होतं. माणसं खडी फोडत होती, तेव्हा या कायद्याची कुणाला दखल घ्यायला सवड होती? त्यात शिकारीचे परवाने विशेष, मोठी आणि लहान अशा प्रतीचे होते. तित्तर-लाव्हे लहान शिकारीत मोडायचे. चालत्या वाहनातून शिकार नाही, रात्री नाही, जमीन मालकाच्या संमतीशिवाय त्याच्या रानात नाही. कुत्रे घेऊन शिकार नाही, पण तित्तर, लाव्हा, चकोर आणि पाणपक्ष्यांना हा नियम लागू नाही. मारलेल्या जनावरांची नोंद परवानेधारकाने ठेवायची. माळढोक आणि मोर पहिल्या परिशिष्टात गेले, त्यांची शिकार पूर्ण बंद झाली.

चौथा परवाना होता प्राणी पकडण्याचा. जाळी, फासे, सापळे फक्त या परवान्यावर वापरता येत. म्हणजे कागदावर फासेपारध्यालाही जागा होती. त्यांचं काम ज्यांनी पाहिलं आहे त्यांना माहीत आहे : बारीक खुंट्यांना बांधलेल्या फासांची ओळ झुडपांच्या मधल्या वाटेवर लावायची, मागे पिंजऱ्यात पाळलेला बोलका तित्तर ठेवायचा. तो ओरडला की त्या रानाचा धनी असलेला नर भांडायला धावत येतो आणि फासात अडकतो. हे साधतं सगळ्यात चांगलं विणीच्या दिवसांत, कारण आपल्या हद्दीसाठी नर तेव्हाच सर्वांत पेटलेला असतो. म्हणून विणीच्या काळात फासे बंद ठेवणं पक्ष्यासाठी आवश्यकच होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्याला ते सांगायचं त्याच्या पोटाचं त्या महिन्यांत काय, हे १९१२ च्या कायद्याने विचारलं नाही आणि १९७२ च्याही नाही. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने या समाजावर मारलेला शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. पुढच्या वीस वर्षांत त्यांच्या हाती जमीन किंवा दुसरा धंदा यावा यासाठी जे व्हायला हवं होतं, ते झालं नाही. पालात राहणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या माणसाने वनखात्याकडे अर्ज करायचा आणि पकडलेल्या पक्ष्यांची नोंदवही ठेवायची, ही अपेक्षा कागदावरच राहणार होती. बंदूकवाला परवानेधारक शिकारी ठरला आणि फासेवाला चोर. परवान्यांच्या या साऱ्या इतिहासावर माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

१९९१ च्या दुरुस्तीने हा सगळा डोलारा काढून टाकला. त्या वर्षीच्या २ ऑक्टोबरपासून परिशिष्टातल्या प्राणी-पक्ष्यांची शिकार बाराही महिने बंद झाली, परवान्यांची आणि बंद काळाची कलमं गळाली. पारावरच्या प्रश्नाचं उत्तर या तारखेत आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तित्तर दुसऱ्या अनुसूचीत आहे, आणि तो मारल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हॉटेलात ‘बटेर’ म्हणून मिळतो तो पिंजऱ्यात वाढवलेला जपानी लाव्हा. त्याच्या नावाखाली रानातला पक्षी खपवला जातो का, हे गिऱ्हाइकानेही विचारायला हवं.

बंदीच्या जोडीला अभयारण्यंही आली : १९८६ मध्ये पैठणला जायकवाडीचं पक्षी अभयारण्य, १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात नायगावचं मयूर अभयारण्य. बदकांना आणि मोरांना त्याचा आधार झाला. तित्तर, लाव्हा आणि पखुर्डी बहुतेक सगळे अभयारण्याबाहेरच राहतात, गायरानात आणि तुमच्या-माझ्या बांधावर. गायरान महसूल खात्याचं, बांध शेतकऱ्याचा, पक्षी वनखात्याचा.

कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. रानपक्ष्याची अंडी फोडणं, घरटं विस्कटणं हीसुद्धा कायद्याने शिकारच आहे. मार्च ते मे या काळात नांगरटीआधी बांध पेटवून देण्याची आमच्याकडे सर्रास पद्धत आहे, आणि साध्या तित्तराची अंडी त्यातल्या शेवटच्या दोन महिन्यांत त्याच बांधाच्या गवतात असतात. फासे लावल्याबद्दल गुन्हा नोंदवल्याच्या बातम्या मी कितीतरी वाचल्या आहेत. बांध पेटवून घरटी जळाली म्हणून या व्याख्येखाली गुन्हा नोंदवल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही, आणि गुन्हे नोंदवूनच हे सुटेल असंही नाही. होळीच्या आधी बांध पेटवून मोकळं होणं किंवा एका बाजूचं गवत पाऊस पडेपर्यंत तसंच राखणं, एवढं गावाने ग्रामसभेत ठरवलं तर त्याला कुणाचा परवाना लागत नाही.