नागरिकशास्त्राचा धडा आणि रिकामं सभागृह

जून २०२० मध्ये ऐरोलीत किंवा नेरुळला पहिलीत नाव घातलेलं मूल जून २०२५ मध्ये सहावीत पोचलं. सहावीच्या ‘इतिहास व नागरिकशास्त्र’ या पुस्तकात शहरी स्थानिक शासन संस्थांचा धडा आहे. महानगरपालिका म्हणजे काय, नगरसेवकांना कोण निवडतं, महापौर कोण, आयुक्त कोण, हे सगळं त्यात येतं. बाई शिकवतात, मुलं प्रश्नोत्तरं वहीत उतरवून घेतात. पण पदावर बसलेला नगरसेवक या मुलाने शाळेत जायला लागल्यापासून एकदाही पाहिलेला नव्हता. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली. आधी कोरोनाने निवडणूक पुढे ढकलली, मग ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या कोर्टकज्ज्यात ती अडकली. मतदान झालं ते थेट १५ जानेवारी २०२६ ला. ठाण्यातही मार्च २०२२ पासून प्रशासकच होता. म्हणजे धडा चालू आणि सभागृह रिकामं.

पुस्तकातला कारभार आणि बाहेरचा कारभार यांची अशी चुकामूक आपल्याकडे जुनी आहे.

व्हाइसरॉय लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८ मे १८८२ चा. हे पाऊल मुख्यतः कारभार सुधारावा म्हणून टाकत नसून लोकांना राजकीय शिक्षण मिळावं म्हणून टाकत आहोत, असं त्यात सरळ म्हटलं होतं. थोडक्यात, नगरपालिका हीच शाळा. ठाण्याची नगरपालिका तेव्हा एकोणीस वर्षांची होती. ती १८६३ ची, म्हणजे मुंबई-ठाणे आगगाडीनंतर दहा वर्षांनी आलेली.

त्याच १८८२ साली जोतीराव फुल्यांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. ते स्वतः १८७६ पासून पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, त्यामुळे कारभार आतून पाहिलेला माणूस बोलत होता. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी सगळ्यांना माहीत आहे. मुलांना काय शिकवावं याचीही यादी त्यांनी दिली होती. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, शेतीची तोंडओळख, नीती आणि आरोग्याचे चार धडे. सरकार कसं चालतं हा विषय यादीत नाही. पण निवेदनाचा गाभा तोच आहे. सरकारी महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गांकडे, हे त्यांनी मांडलं. कर कोण भरतं आणि खर्च कोणावर होतो, हा माझ्या मते नागरिकशास्त्राचा पहिला प्रश्न. आपल्या पाठ्यपुस्तकांत तो अजूनही शेवटच्या बाकावर बसतो.

शाळेत जे आलं ते वेगळंच होतं. मुंबई इलाख्यात नोकरी केलेले विल्यम ली-वॉर्नर यांनी हिंदी विद्यार्थ्यांसाठी ‘द सिटिझन ऑफ इंडिया’ लिहिलं ते १८९७ मध्ये. रेल्वे, टपाल, कायदा, शांतता, अशा इंग्रजी राज्याच्या देणग्या मुलांना समजाव्यात आणि त्यांनी चांगलं प्रजाजन व्हावं, हा त्या पुस्तकाचा रोख. त्याच वर्षी, प्लेगच्या धामधुमीत, टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालून दीड वर्षाची शिक्षा झाली. हा योगायोग असला तरी बोलका आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही हे मान्य केलं. हिंदी लोकांमध्ये वाढत चाललेल्या ‘राजनिष्ठेच्या अभावा’च्या पार्श्वभूमीवर नागरिकशास्त्र शाळेत आलं आणि आज्ञापालन हे त्याचं वैशिष्ट्य राहिलं, असं त्यात म्हटलं आहे. म्हणून केंद्राच्या पुस्तकांतून त्या विषयाचं नावच गेलं. महाराष्ट्रात नववीपासून ‘राज्यशास्त्र’ आलं, पण सहावी ते आठवीला ‘नागरिकशास्त्र’ टिकून आहे, तेही इतिहासाच्या पुस्तकाच्या मागच्या भागात. परीक्षा जवळ आली की आधी कशाला कात्री लागते, हे प्रत्येक पालकाला ठाऊक आहे.

मधल्या काळात कायद्याने शाळा आणि पालिका जवळ आणल्या होत्या. विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नांतून झालेल्या १९१८ च्या कायद्याने इलाख्यातल्या नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मुभा मिळाली. १९२३ च्या कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे गेला. पालिकेची शाळा ही त्या अर्थाने मुलाला रोज दिसणारी, हात लावता येणारी स्थानिक स्वराज्य संस्थाच. तिथल्या मुलांना हे कुणी सांगितल्याचं मात्र ऐकिवात नाही.

स्वातंत्र्यानंतर सगळ्यात लहान मुलांपर्यंत पोचली ती प्रतिज्ञा. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव या सरकारी अधिकाऱ्याने ती १९६२ मध्ये तेलुगूत लिहिली आणि २६ जानेवारी १९६५ पासून ती देशभरच्या शाळांत सुरू झाली. अक्षरओळख व्हायच्या आधी मुलाला ती तोंडपाठ असते. सुंदर आहे, पण तिच्यात बांधव आहेत, परंपरा आहेत, वडीलधारी माणसं आहेत, मतदार नाही. ‘आम्ही, भारताचे लोक’ म्हणणारी उद्देशिका रोजच्या परिपाठात सक्तीने आली ती २६ जानेवारी २०२० पासून. ‘सार्वभौम समाजवादी धर्मनिरपेक्ष लोकशाही गणराज्य’ एका दमात म्हणताना पहिलीतल्या पोरांची जी तारांबळ उडते, ती ऐकण्यासारखी असते.

बालभारतीचं कुठलंही पुस्तक उघडा, सुरुवातीच्या पानांवर उद्देशिका आणि मूलभूत कर्तव्यं छापलेली सापडतात. ही कर्तव्यं मूळ संविधानात नव्हती. १९७६ मध्ये, आणीबाणी चालू असताना, बेचाळीसाव्या घटनादुरुस्तीने दहा कर्तव्यं आली. अकरावं २००२ मध्ये आलं, आणि ते मुलांसाठी नाहीच. सहा ते चौदा वयाच्या पाल्याला शिक्षणाची संधी द्यावी, असं ते पालकांना बजावतं. कर्तव्यं अशी पहिलीपासून डोळ्यांसमोर असतात. मूलभूत हक्कांची नीट ओळख व्हायला सातवी उजाडावी लागते. ली-वॉर्नरसाहेबांना हा क्रम पसंत पडला असता.

प्रत्यक्ष करून बघण्याची आपली देशी पद्धत म्हणजे शालेय मंत्रिमंडळ. चिठ्ठ्यांवर चिन्हं काढून, आता तर मोबाईलवर मतदान यंत्रासारखं ॲप घेऊन, बोटाला शाई लावून निवडणूक होते. मुलं रांगेत गंभीर चेहऱ्याने उभी राहतात आणि गुप्त मतदान म्हणजे काय ते खरंच शिकतात. जिल्हा परिषदेच्या शाळांनी हे मनापासून चालवलंय. पण निकाल लागला की बघा. स्वच्छतामंत्री वर्ग झाडून घेतो, आरोग्यमंत्री नखं तपासतो, मुख्यमंत्री पाहुण्यांना गुलाब देतो. विरोधी पक्ष नाही, प्रश्नोत्तराचा तास नाही, खर्चायला दहा रुपये नाहीत. मंत्री म्हणजे मॉनिटरचंच मोठं नाव. आणि नक्कल तरी मंत्रालयाची का? मुलाच्या रोजच्या जगण्यातला कचरा, गटार, बाग, दिवे आणि पाणी हे सगळं पालिकेचं आहे. निदान एक खेळ नगरसेवकांच्या महासभेचा हवा होता.

लहान मुलाला सरकार दाखवायला ठाणे-नवी मुंबईइतकी सोयीची जागा कमी असेल. नळाचंच घ्या. ठाण्याला पाणी येतं ते पालिकेच्या स्वतःच्या योजनेतून, स्टेम या पाणीपुरवठा कंपनीकडून, एमआयडीसी या औद्योगिक महामंडळाकडून आणि मुंबई महापालिकेकडून. पाचपाखाडीतल्या आणि दिव्यातल्या दोन मावसभावंडांनी ‘तुमचं पाणी कुणाचं?’ एवढंच एकमेकांना विचारलं तरी शासनसंस्थांचा अर्धा धडा होतो. नवी मुंबईने खालापूरजवळचं मोरबे धरण २००२ मध्ये विकत घेतलं. शहर आपल्या हद्दीबाहेर, दुसऱ्या जिल्ह्यात धरणाचं मालक असू शकतं, हे चौथीतल्या मुलाला गोष्टीसारखं सांगता येतं.

नवी मुंबईच्या गावठाणांतल्या घरांत तर तीन राज्यं एका माजघरात राहतात. आजोबांच्या तरुणपणी ग्रामपंचायत होती, १९७० मध्ये नवं शहर वसवणारं सरकारी महामंडळ, म्हणजे सिडको आली, १ जानेवारी १९९२ पासून महापालिकेचा कारभार सुरू झाला. जमीन तीच, पण दाखल्यासाठी जायचं दार बदलत गेलं. आणि तिथेही सुरुवात प्रशासकापासूनच झाली होती. पहिली निवडणूक १९९५ ची. ठाण्यात महापालिका १ ऑक्टोबर १९८२ ला झाली आणि पहिला महापौर १९८६ मध्ये मिळाला. सभागृहाशिवाय चालणारी पालिका या दोन्ही शहरांनी जन्मापासून पाहिली आहे. फरक एवढाच, की तेव्हाची वाट तीन-चार वर्षांची होती. त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून दर पाच वर्षांनी निवडणूक बंधनकारक केली, त्यानंतर मात्र नवी मुंबईत ती साडेपाच वर्षांवर गेली.

शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून बजावलं आणि जानेवारीत शाळांच्या वर्गांतले बाक भिंतीला सरकवून केंद्रं लागली. नवी मुंबईत १११ जागा, ठाण्यात १३१. ठाणेकरांना पॅनेल, म्हणजे एका प्रभागातून अनेक नगरसेवक, नवं नव्हतं. नवी मुंबईत २०१५ पर्यंत एका वॉर्डाचा एक नगरसेवक असे. या वेळी एक सोडून सगळीकडे चार जणांचा प्रभाग, अ ब क ड अशा चार जागा, मतदाराला चार मतं. आजीचं बोट धरून केंद्राच्या फाटकापर्यंत गेलेल्या सहावीतल्या एका मुलाला घरी आल्यावर हे कळलं. त्याने वही काढून धडा पाहिला आणि विचारलं, मग आपल्या गल्लीतलं गटार चौघांपैकी कुणाला सांगायचं? आजी म्हणाली, आधी निकाल तर लागू दे.