गावाचं नाव आणि सीमेचा वाद

बेळगाव तालुक्यातल्या बेक्किनकेरेत मराठी नांदते, पण गावाचं नाव कानडी: बेक्कु म्हणजे मांजर, केरे म्हणजे तळं. नाव ठेवणारे आणि आज तिथे राहणारे एकच असतील असं नाही. सीमाभागातल्या स्थलनामांच्या अभ्यासातली खरी मेख हीच.

या अभ्यासाची सुरुवात शिलालेखांच्या वाचनातून झाली. रट्ट या स्थानिक राजघराण्याने तेराव्या शतकाच्या सुरुवातीला सौंदत्तीहून राजधानी वेणुग्रामला, म्हणजे आजच्या बेळगावात, हलवली. इंग्रजी अमलात शिलालेखांचे अभ्यासक फ्लीटसाहेबांनी रट्टांचे लेख वाचून छापले आणि १८८४ च्या बेळगाव गॅझेटियरमुळे जुनी नावं अभ्यासकांच्या हाती आली. लेखांत वेणुग्रामसोबत वेळुग्रामही येतं. मग मूळ नाव संस्कृत, की देशी नावाला चढवलेला संस्कृत साज? मला दुसरी शक्यता जास्त पटते. पण वेळू हा शब्द मराठीतही आहे, तेव्हा एवढ्यावरून गाव कुणाचं हे ठरत नाही. मधल्या काळात मुस्तफाबाद, आझमनगर अशी नावं कागदोपत्री पडली. लोकांच्या तोंडी काही ती बसली नाहीत.

विसाव्या शतकात सूर बदलला. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ग्रामनामांवरून महाराष्ट्रातल्या वसाहतींचा माग काढला. बेळगाव जिल्ह्यातल्याच गुर्लहोसूरचे शं. बा. जोशी कन्नड आणि मराठी दोन्हींत लिहीत. त्यांनी महाराष्ट्रातल्याच गावनावांत कन्नडच्या खुणा दाखवल्या. दोघांची काही अनुमानं आज ताणलेली वाटतात, पण गावाचं नाव हा पुरावा म्हणून वाचायची सवय त्यांनीच लावली.

पुढे त्या पुराव्याचा सातबारा झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि दोन्ही बाजू नावं पुढे करू लागल्या. महाराष्ट्राची अधिकृत मागणी मात्र खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत आणि लोकेच्छा यांवर उभी होती. नावाची व्युत्पत्ती त्यात नव्हती, आणि ते शहाणपणाचंच होतं. या सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा. स्थलनामांच्या प्रमाणीकरणावरची संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषदही त्याच वर्षी जिनिव्हात भरली. बहुभाषिक प्रदेशात प्रत्येक अधिकृत भाषेतलं नाव ठरवावं, गरजेनुसार इतर भाषांतलंही, अशी शिफारस तिथे झाली. आपल्याकडे तिची फारशी चर्चा झाली नाही.

१ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं. त्याच वर्षी जुलैत बेळगावजवळच्या येळ्ळूर गावातला ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ हा फलक हटवला गेला आणि गावात लाठ्या चालल्या. भांडण नेहमी अशा मोठ्या पाट्यांवरून होतं. बेळगावजवळच्याच कंग्राळी खुर्द आणि कंग्राळी बुद्रुक या गावांकडे कुणाचं लक्ष नसतं. खुर्द आणि बुद्रुक हे फारसीतून आलेले शब्द. इंग्रजी आद्याक्षरांत त्यांचं केएच आणि बीके झालं. आज मराठी माणूसही ‘कंग्राळी बीके’ म्हणतो आणि कानडी माणूसही. फारसी, इंग्रजी, मराठी, कन्नड अशा चार भाषांचा हात लागलेलं हे नाव कुठल्या रकान्यात घालायचं, हे दोन्हीकडच्या पुरावेवाल्यांनी अजून सांगितलेलं नाही.