ट्रान्सपॉन्डर आणि ऑल-ऑप्टिकल कन्व्हर्टर यांत गल्लत नको

ऑप्टिकल फायबरच्या नेटवर्कमध्ये वेव्हलेंथ कन्व्हर्टर म्हटलं की कुणी ट्रान्सपॉन्डर सांगतं, कुणी फोर-वेव्ह मिक्सिंग. दोन्हींत एका तरंगलांबीचा प्रकाश आत जातो नि दुसरीचा बाहेर येतो. साम्य तिथेच संपतं.

हिंजवडीतल्या राउटरमधून बाहेर येणारा प्रकाश बहुधा १३१० नॅनोमीटरचा. कॅम्पसमध्ये तो चालतो. पण पुणे-मुंबई हे जवळपास १५० किलोमीटरचं अंतर धरा: १३१०ला किलोमीटरमागे साधारण ०.३५ डेसिबल जातात, म्हणजे एकूण ५० च्या वर. १५५०च्या आसपास ०.२ च्या हिशोबाने ३० च जातात, शिवाय प्रकाश थेट वाढवणारा अर्बियम अँप्लिफायरही याच पट्ट्यात काम करतो. म्हणून मध्ये ट्रान्सपॉन्डर कार्ड. त्याच्या क्लायंट पोर्टवर आलेला प्रकाश फोटोडायोड विजेत बदलतो, बिटं ओळखली जातात, वेळेत बसवली जातात, चूकदुरुस्तीचा कोड जोडला जातो आणि लाइन पोर्टचा लेझर ती ठरलेल्या चॅनेलवर, म्हणजे नेमून दिलेल्या तरंगलांबीवर, नव्याने पाठवतो. जर्नल फेअर करण्यासारखंच हे. जुनी खाडाखोड पुढे जात नाही. दुसरा प्रकार म्हणजे झेरॉक्स, डागांसकट.

या दुसऱ्या, म्हणजे ऑल-ऑप्टिकल, प्रकारात वीज मध्ये येतच नाही. फोर-वेव्ह मिक्सिंगमध्ये सिग्नलसोबत जोरदार पंप लेझर नॉनलिनिअर फायबरमध्ये (ज्यात प्रकाशलहरी एकमेकींवर परिणाम करतात) सोडतात. नवी वारंवारता = दुप्पट पंप वजा सिग्नल. सिग्नल १९३.१ टेराहर्ट्झ, पंप १९३.३, तर प्रत १९३.५ वर. नॅनोमीटरमध्ये १५५२.५२ वरून १५४९.३२. गंमत म्हणजे प्रतीचा स्पेक्ट्रम उलटा होतो, पण फेजमधली माहिती टिकते. त्यामुळे प्रकाशावर बिटं चढवायची पद्धत क्यूपीएसके असो की १६-क्वॅम, बिटरेट कितीही असो, त्याला फरक पडत नाही. ट्रान्सपॉन्डरला मात्र पडतो, कारण त्याला बिटं वाचावीच लागतात.

सेमीकंडक्टर अँप्लिफायरमधलं क्रॉस-गेन मॉड्युलेशनही ऑल-ऑप्टिकलच, पण ते फक्त तीव्रतेची नक्कल करतं, तीही उलटी: एकच्या जागी शून्य. फेजमध्येही माहिती भरणाऱ्या आजच्या कोहेरंट लिंकला त्याचा फारसा उपयोग नाही, अभ्यासक्रमात कितीही पानं दिलेली असोत.

मग सगळीकडे ट्रान्सपॉन्डरच का? फोर-वेव्ह मिक्सिंगमध्ये नॉईज साफ होत नाही, ध्रुवीकरण सांभाळावं लागतं आणि पंप जरा सरकला की प्रत दुप्पट सरकते. तरी मोह सुटत नाही, कारण रोॲडएम (ROADM, नेटवर्कच्या नाक्यावरचा ऑप्टिकल स्विच) चॅनेलला वाट बदलून देतो, तरंगलांबी नाही. पुढच्या टप्प्यावर तोच चॅनेल आधीच भरलेला असला की फायबरमध्ये जागा असूनही मार्ग अडतो. तिथे प्रकाशातल्या प्रकाशात बदल करता आला, तर वीज खाणारी कार्डं वाचतील.

सध्या मात्र उलटंच घडतंय. ४००झेडआरसारखी (४०० गिगाबिटची) छोटी कोहेरंट मॉड्यूल्स थेट राउटरमध्ये बसतात, राउटरच ठरलेल्या चॅनेलचा प्रकाश सोडतो आणि मधलं ट्रान्सपॉन्डर कार्ड लागतच नाही.