नाव खोडलं तरी माणूस सापडतो

‘आम्ही तुमची माहिती निनावी करूनच वापरतो,’ असं आश्वासन कितीतरी ॲपच्या गोपनीयता धोरणात असतं. अनेकदा ते खरंही असतं. नाव, फोन नंबर, ईमेल हे रकाने काढलेले असतात. घात करतात ते उरलेले रकाने.

१९९०च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी नावं काढून संशोधकांना दिल्या गेल्या. जन्मतारीख, लिंग आणि टपालाचा झिप कोड मात्र तसेच ठेवले होते. लटान्या स्वीनी तेव्हा विद्यार्थिनी होत्या. त्यांनी त्याच राज्यातल्या केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरना विकत घेतली आणि ती या नोंदींशी जुळवली. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्याच जन्मतारखेचे सहा जण शहरात निघाले, त्यांत पुरुष तीन आणि वेल्ड यांच्या झिप कोडमध्ये राहणारा एकच. गव्हर्नरांच्या उपचारांची नोंद हाती आली. या तीन रकान्यांवरून अमेरिकेतले ८७ टक्के लोक वेगळे काढता येतात, असा अंदाज स्वीनी यांनी पुढे मांडला. २००६ साली दुसऱ्या संशोधकाने नव्याने हिशेब केला तेव्हा आकडा ६३ टक्के आला. तरी अर्ध्याहून अधिक लोक उघडेच!

फोनच्या ठावठिकाण्याचं तर याहून बिकट. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासल्या गेल्या. माणूस कोणत्या तासाला कोणत्या टॉवरच्या हद्दीत होता, अशा फक्त चार नोंदी ९५ टक्के लोकांना वेगळं काढायला पुरल्या. एखाद्याचं घर आणि कामाची जागा ठाऊक असली की त्यातल्या दोन हाताशी आल्याच.

फोन नंबराऐवजी त्याचा हॅश, म्हणजे गणिती सूत्रातून काढलेली सांकेतिक अक्षरं ठेवणं, हा कंपन्यांचा आवडता उपाय. हॅश उलटा फिरवता येत नाही हे खरं, पण तशी गरजच पडत नाही. दहा अंकी नंबर फार तर १,००० कोटी असू शकतात. सगळ्यांचे हॅश काढायचे आणि जुळवायचे. एमडी-५सारख्या वेगवान हॅशसाठी ताकदवान ग्राफिक्स कार्डाला हे काम काही सेकंदांचं. २०१४ साली न्यूयॉर्कच्या टॅक्सींच्या १७ कोटींहून अधिक फेऱ्यांच्या नोंदी बाहेर आल्या, तेव्हा टॅक्सींचे क्रमांक असेच उलगडले. हॅश करायचाच तर त्यात गुप्त किल्ली मिसळावी आणि काम संपताच ती नष्ट करावी. एवढं करूनही एका माणसाच्या सगळ्या नोंदी एकाच संकेताखाली राहिल्या, तर वरच्या चार नोंदींचा प्रश्न सुटत नाहीच.

तरीही माहिती वापरावी लागतेच. साथ कुठे पसरतेय, कोणत्या मार्गावर बस कमी पडतेय, हे त्याशिवाय कळणार कसं? इथे मुद्दाम चूक मिसळण्याची पद्धत कामी येते. तिचं बीज स्टॅनली वॉर्नर यांनी १९६५ साली मांडलं. तिचं सोपं रूप असं: ‘तुम्ही कधी कर चुकवला आहे का?’ हा प्रश्न विचारायचा. उत्तर देणाऱ्याने कुणाला न दाखवता नाणं उडवायचं. छापा आला तर खरं सांगायचं. काटा आला तर पुन्हा उडवायचं आणि या वेळी छाप्याला ‘हो’, काट्याला ‘नाही’ म्हणायचं. समजा १,००० जणांत ३५० ‘हो’ आले. त्यांतले सुमारे २५० निव्वळ नाण्याचे. उरलेले १०० हे खरं बोललेल्या सुमारे ५०० जणांतले, म्हणजे प्रमाण २० टक्के. कोणा एकाचा ‘हो’ त्याच्याविरुद्ध पुरावा ठरत नाही, तरी समाजाचं चित्र मिळतं. किंमत मोजावी लागते ती अचूकतेत. हजार जणांत खरा आकडा साधारण १४ ते २६ टक्क्यांच्या दरम्यान धरावा लागतो, शंभरच जण असतील तर १ ते ३९. लहान गटांना हा फटका सर्वांत जास्त बसतो.

२००६ साली सिंथिया ड्वॉर्क आणि सहकाऱ्यांनी याला ‘डिफरन्शियल प्रायव्हसी’ या नावाने काटेकोर गणित दिलं. गळतीची कमाल मर्यादा त्यात एप्सिलॉन या आकड्याने मोजतात. वरच्या खेळात खरंच कर चुकवलेला माणूस ‘हो’ म्हणण्याची शक्यता इतरांच्या तिप्पट असते. तिथे एप्सिलॉन सुमारे १.१. एकाच माणसाच्या प्रत्येक नव्या उत्तरागणिक हा आकडा वाढत जातो. तोच प्रश्न वीसदा विचारला आणि पंधरा ‘हो’ आले, तर नाणं कुणाला वाचवत नाही. म्हणून गूगलने २०१४ साली क्रोमसाठी जाहीर केलेल्या रॅपर पद्धतीत चूक मिसळलेलं पहिलं उत्तर फोनवर किंवा संगणकावर जपून ठेवतात आणि पुढे तेच आधाराला घेतात.

धोरणाचा खरा प्रश्न इथे सुरू होतो. एप्सिलॉन किती ठेवायचा हे गणित सांगत नाही. २०१७ साली संशोधकांनी ॲपलच्या मॅकओएस या संगणक प्रणालीचा कोड उलगडून पाहिला. एकेका नोंदीला एप्सिलॉन १ किंवा २ होता, पण दिवसभराची बेरीज १६पर्यंत जाऊ शकत होती आणि दुसऱ्या दिवशी मोजणी पुन्हा शून्यापासून. ॲपलला हा निष्कर्ष मान्य नव्हता. पण १६ला ‘तिप्पट’च्या जागी सुमारे ८९ लाख पट येतं! असा आकडा कंपनीने स्वतःच जाहीर करायला हवा होता.

अमेरिकेच्या जनगणना विभागाने २०२०च्या गणनेत तो जाहीर केला. मतदारसंघ आखणीच्या तक्त्यांसाठी आधी १२.२ हा एप्सिलॉन प्रस्तावित होता. आकडे वापरणाऱ्यांनी अचूकता कमी पडते अशी तक्रार केल्यावर तो १९.६१ झाला. राज्यांची एकूण लोकसंख्या चूक न मिसळता जशीच्या तशी ठेवली. १९.६१ मला फार सैल वाटतो, पण त्यावर उघड वाद झाला हे मोलाचं आहे.

युरोपात २०१८पासून लागू असलेला जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा सांकेतिक क्रमांकाखालच्या नोंदीही साधारणपणे वैयक्तिकच मानतो, हे योग्यच. खरोखर निनावी झालेली माहिती मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहते, आणि निनावी असल्याचा दावा बहुधा कंपनीच करते. कायद्याने अशा दाव्यासोबत चार गोष्टी मागाव्यात: एप्सिलॉन किती, तो एका दिवसाचा की कायमचा, चूक फोनवरच मिसळली जाते की सर्व्हरवर पोचल्यानंतर, आणि मूळ नोंदी कोणत्या तारखेला पुसल्या जातात.